मालनकाकी आणि जास्वंदीवरची अळी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुकादम चाळीच्या अंगणातल्या नऊ जास्वंदींची पानं विड्यांसारखी गुंडाळली गेली, तेव्हा लालबागच्या त्या चाळीत ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या बायका म्हणाल्या, नजर लागली. दुसऱ्या मजल्यावर ठरलं की समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ बसली. मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील मेस्त्री म्हणाला, झाडं म्हातारी झाली. मालन घाडीगावकर चपला घालून खाली उतरली, एका पानाची गुंडाळी हळूच सोडवली, आत पाहिलं आणि लोणच्याची रिकामी बरणी आणायला परत वर गेली.

गुंडाळीत बोटाच्या एका पेराएवढी अळी होती. अंग हिरवट, काचेसारखं. खाल्लेलं पान पोटात बाहेरून दिसत होतं. डोकं काळं, मानेवर काळा पट्टा. पानाच्या आतल्या बाजूला रेशमाचे टाके घातले होते आणि खसखस सांडावी तशी तिची विष्ठा पसरली होती. मालनने अशा सहा अळ्या बरणीत घेतल्या, चार ताजी पानं टाकली, तोंडावर नवऱ्याच्या जुन्या बनियनचा तुकडा रबराने बांधला, आणि बरणी स्वैपाकघरातल्या फळीवर मीठ आणि हळद यांच्या मधे ठेवली.

"मीठ घेताना चुकून हात गेला तर?" तिच्या नवऱ्याने, रघुने विचारलं. तो गिरणीत होता, गिरणी गेल्यावर एका बँकेच्या दारात वीस वर्षं बंदूक घेऊन उभा राहिला, आणि आता घरी भाजी चिरायला बसायचा.

"मीठ हलत नाही," मालन म्हणाली. "हललं तर जागेवर ठेवा."

रघुने मान हलवली. त्याला अशा बरण्यांची सवय होती. मालन परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होती. कागदावर तिचं काम काचा धुणं, बाटल्यांतलं फॉर्मॅलिन बदलणं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ट्रे मांडणं एवढंच. पण विभागप्रमुख मृणालिनी मॅडमचे हात पन्नाशीतच थरथरायला लागले. पतंगाच्या पाठीत टाचणी खुपसायची आणि ओले पंख थर्मोकोलवर पसरून कागदाच्या पट्टीने दाबायचे, हे काम थरथरत्या हाताने होत नाही. एका दुपारी त्यांनी टाचणी मालनच्या हातात दिली. मालन तोवर वाल सोलण्यात आणि मुलीच्या फ्रॉकला हुक लावण्यात पटाईत होती. पतंग त्यापेक्षा अवघड निघाला नाही. पुढची चोवीस वर्षं कॉलेजच्या पेट्यांतला प्रत्येक किडा तिने टोचला, प्रत्येक चिठ्ठी तिच्या गोल अक्षरात लिहिली गेली. चिठ्ठीवर 'गोळा करणार' म्हणून नाव मॅडमचं असायचं, कधी एखाद्या विद्यार्थ्याचं. तिचं नाव कुठेच नव्हतं. याचं तिला फार काही वाटलं नाही. पापड लाटणारीचं नाव पापडावर कुठे असतं, असं ती म्हणायची.

मॅडमनी तिला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली होती. अळी बघून नाव सांगायचं नाही. अळ्या पुष्कळ एकसारख्या दिसतात. अळी पाळायची, कोष होऊ द्यायचा, पाखरू निघालं की मग बोलायचं. आणि प्रत्येक दिवस लिहून ठेवायचा. ही सवय मालनच्या अंगात इतकी मुरली होती की मुलीला स्थळं सांगून यायची तेव्हाही ती 'बघू या थोडे दिवस' एवढंच म्हणायची, आणि तीन स्थळांच्या बाबतीत तिचं थांबणं बरोबर ठरलं होतं.

त्या रविवारी मंडळाची मीटिंग झाली. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि विषय जास्वंदी हाच होता.

या झाडांना मुकादम चाळीत मान आहे. गिरण्यांचा मोठा संप झाला त्या वर्षी फुलं विकत आणण्याची ऐपत कुणाच्या घरात उरली नव्हती. तेव्हा आनंदीबाई सावंतांनी कुडाळजवळच्या माहेराहून जास्वंदीच्या काड्या आणल्या आणि कुंपणाच्या भिंतीशी खोवल्या. दोन वर्षांनी त्या फुलल्या. तेव्हापासून चाळीच्या गणपतीच्या पायाशी अकराही दिवस सकाळी एकवीस लाल फुलं वाहतात, ती चाळीच्या मातीतलीच. विकतचं फूल कमानीला चालतं, मखराला चालतं, पायाशी चालत नाही.

पण चाळीत आता सदतीस बाइक झाल्या होत्या, आणि त्या लावायला भिंतीशेजारची पट्टी सोडली तर जागा नव्हती.

"भावना मला समजतात," स्वप्नील म्हणाला. विम्याच्या कंपनीत कामाला लागल्यापासून तो अशीच सुरुवात करायचा. "पण झाडं बघा की. एकावर तरी धड पान आहे? रे रोडवरनं दगडूला बोलावलंय, लाकडाच्या वखारीतली वाळवी तोच मारतो. आज तो फवारेल. नाही जमलं तर झाडं काढून टाकू, पेव्हर ब्लॉक बसवू. फुलं दादरला टेम्पोभर मिळतात."

दगडू पाठीवर पिंप घेऊन आला होता. त्याने एक पान लांबूनच बघितलं. "मिलीबग आहे," तो म्हणाला.

"मिलीबग पांढरा असतो, कापसासारखा चिकटून बसतो," मालन म्हणाली. "तुला यात पांढरं काय दिसलं?"

"मग काय आहे?"

"पान गुंडाळणारी अळी आहे. कुठली, ते आठ-दहा दिवसांनी सांगते."

"नाव कशाला पाहिजे, काकी?" स्वप्नीलने विचारलं. "मारायचंय ना तिला? बारसं थोडंच करायचंय?"

"तुझं बारसं मीच केलं. तेव्हापासून तुला घाई," मालन म्हणाली, आणि लोक हसले. "नाव कळलं की ती किती दिवस अंड्यात, किती दिवस पानात, किती दिवस कोषात ते कळतं. मग कधी हात घालायचा ते कळतं. आता ती दार लावून आत बसलीये. दगडू बाहेरून फवारणार, ती आतून खाणार. आणि वाळवीचं विष बसणार कळ्यांवर. ती फुलं कोणाच्या हाताने वाहायची?"

दगडूने मान खाजवली. "ते बरोबर आहे," तो म्हणाला. "वाळवीलापण लाकडात भोक पाडून सोडावं लागतं औषध."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" स्वप्नीलने त्याला विचारलं.

शेवटी तोडगा निघाला. गणपती सत्तावीस ऑगस्टला. पेव्हर ब्लॉकवाल्याला दोन आठवडे लागतात. म्हणून दहा ऑगस्टच्या रविवारपर्यंत झाडं मालनच्या ताब्यात. त्या दिवशी झाडं अशीच दिसली तर सोमवारी कोयता.

"अशीच दिसणार नाहीत," मालन म्हणाली. ती घरी गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दहा तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला.

नऊ जुलैला तिने बायकांना खाली बोलावलं. आठजणी आल्या. चौऱ्याऐंशीच्या आनंदीबाई पाट मांडून मधे बसल्या आणि देखरेख करायला लागल्या. काम सोपं होतं: गुंडाळलेलं प्रत्येक पान देठासकट तोडायचं. सोडवून बघायचं नाही, कारण सोडवली की अळी रेशमाच्या धाग्यावरून सुळकन खाली उतरते आणि दुसऱ्या पानात घर करते. अंगणात गप्पांना ऊत आला. कुणाच्या सुनेने कुठली साडी परत केली, कुणाच्या जावयाचा पगार नक्की किती, हे सगळं त्या पानांबरोबर उतरलं. साडेअकरापर्यंत झाडं भादरल्यासारखी दिसायला लागली आणि पानांनी चार पिशव्या भरल्या. मालनला कुकर लावायचा होता. ती म्हणाली, "चला, आता टाकून द्या ती," आणि वर गेली.

बरणीतल्या अळ्या त्या आधीच गुलाबी झाल्या होत्या. पोट भरलं की त्यांचा हिरवा रंग जातो, लाजल्यासारख्या गुलाबी होतात आणि खाणं सोडतात. मग गुंडाळीतच तांबूस तपकिरी कोष. मालनने सात जुलैच्या चौकोनात 'कोष ४' लिहिलं, आठच्या चौकोनात 'कोष २'. पुढचा आठवडाभर रघु तिला रोज सकाळी विचारायचा, "काय, पाहुणे उठले का?"

सोळा तारखेला पहिलं पाखरू निघालं. बनियनच्या फडक्याला उलटं चिकटून बसलं होतं. पंख फिकट पिवळे, जुन्या धोतरासारखे, आणि त्यांवर तपकिरी नागमोडी रेघा. पसरले तर रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. खांद्याशी काळे ठिपके. मालनने चष्मा पुसून परत लावला आणि बराच वेळ बघितलं. कॉलेजच्या अकरा नंबरच्या पेटीत, डावीकडून तिसऱ्या रांगेत याची सहा भावंडं तिनेच टोचली होती.

"सायलेप्टा डेरोगाटा," ती म्हणाली. "आता हॅरिटालोडेस म्हणतात."

"म्हणजे?"

"शास्त्रज्ञांनी आधीचं नाव बदललं. तिला कळवलं नसणार." तिने कॅलेंडरवर लिहिलं. "कपाशीवर येते ती ही. भेंडीवर, जास्वंदीवर, रस्त्याकडेच्या पारस पिंपळावर. ही सगळी एकाच कुळातली झाडं."

"कापसावरची?" रघुने सुरी खाली ठेवली. "मग ही गिरणगावातलीच की. गिरणी बंद झाली, ही बाई मात्र ड्युटीवर आहे."

मालन हसली. तिला आता सगळं माहीत होतं. अंडी पानाच्या खालच्या बाजूला, एकेक, चपटी, जवळजवळ न दिसणारी. चार दिवसांत फुटतात. इवल्या अळ्या आधी खालूनच पान खरवडतात, मोठ्या झाल्या की गुंडाळी करतात. पंधरा ते अठरा दिवस अळी, आठ-नऊ दिवस कोष. मुंबईच्या उबेत महिन्याभरात एक पिढी. त्या दिवशी संध्याकाळी अंगणात स्वप्नील भेटला तेव्हा तिने त्याला हे सगळं ऐकवलं. झाडांवर नवी पालवी आली होती, तीही दाखवली.

"काकी, मानलं," स्वप्नील म्हणाला. "पेव्हरवाल्याला सांगू का, नको म्हणून?"

"सांग," मालन म्हणाली. पण त्याने सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

एकोणतीस जुलैला सकाळी ती दूध घ्यायला खाली उतरली, तर दुसऱ्या जास्वंदीवर नव्या पालवीची तीन पानं गुंडाळलेली. तिसऱ्यावर सात. पाचव्यावर मोजण्यात अर्थ नव्हता. दुधाची पिशवी हातात घेऊन ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गुंडाळ्या आधीपेक्षा जास्त होत्या.

स्वप्नील बाइक काढत होता. त्याने हेल्मेट घालता घालता बघितलं आणि परत काढलं. "काकी," तो म्हणाला, "तुझं कॉलेज नापास झालं."

"दिसतंय खरं," मालन म्हणाली.

"बारा दिवस राहिलेत."

"मला मोजता येतात."

घरी येऊन तिने दूध तापत ठेवलं आणि कॅलेंडरसमोर उभी राहिली. रघु भाजी चिरत राहिला. ती कॅलेंडरसमोर उभी असताना बोलायचं नसतं हे त्याला माहीत होतं. आज गुंडाळी, म्हणजे अळी पाच-सहा दिवसांची. त्याआधी अंडं चार दिवस. म्हणजे अठरा-वीस तारखेच्या सुमाराला माद्यांनी इथे अंडी घातली. नऊ तारखेला प्रत्येक गुंडाळी काढली होती. मग अठरा तारखेला एवढ्या माद्या आल्या कुठून? दोनचार राहिल्या असत्या तर दहा-वीस पानं गेली असती, सगळी भिंत गेली नसती.

दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला आणि कोपऱ्यावरचा पारस पिंपळ बघायला गेली. त्याची पानं स्वच्छ होती, बदामाच्या आकाराची, कुठे एक वळी नाही. तिथून नाही. पाखरं लांबूनही आलेली नव्हती. इथलीच होती. नऊ तारखेला तोडलेल्या पानांत जी कोषात गेली असती, ती बरोब्बर सोळा ते वीस तारखेला निघाली असती, बरणीतल्यांसारखीच.

ती आनंदीबाईंच्या दारात गेली. आनंदीबाई गवार मोडत होत्या.

"मावशी, त्या दिवशीच्या चार पिशव्या पानं कुठे टाकलीत?"

"खय टाकतलंय?" आनंदीबाई म्हणाल्या. "देवाच्या झाडाची पानां ती. कचऱ्याच्या गाडयेत टाकूची? माज्यान होवचा नाय ता. निर्माल्यात घातलंय."

निर्माल्याचा खड्डा जास्वंदींच्या मुळाशी होता, चौथ्या आणि पाचव्या झाडाच्या मधे. चाळीच्या बेचाळीस खोल्यांतली देवावरची फुलं त्यात पडत, कुजत, आणि त्याचं खत त्याच झाडांना मिळे. पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा होता. मालनने पत्रा उचलला. झेंडूच्या थराखाली वाळकी गुंडाळलेली पानं होती, आणि प्रत्येक गुंडाळीच्या तोंडाशी तपकिरी रिकामी टरफलं, भाताच्या तुसासारखी. अंगणातल्या सगळ्या जागांत कोरडी, उबदार आणि सुरक्षित अशी एवढी एकच जागा होती. दार उघडलं की समोर ताजी पालवी.

ती तिथेच विटेवर बसली. 'टाकून द्या' म्हणाली होती आपण. कॉलेजात टाकून द्या म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, कारण तिथे लाल झाकणाची बादली असते. इथे देवाच्या झाडाचं पान कुठे टाकतात, हे अडतीस वर्षं या चाळीत नांदून आपल्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कुकरची घाई होती.

त्या संध्याकाळी स्वप्नीलने जिन्यात विचारलं, "कळलं का काय झालं?"

"कळलं. माझी चूक. तोडलेली पानं नीट नष्ट केली नाहीत."

"कुणी टाकली ती?"

"मी सांगितलं तिथे टाकली," मालन म्हणाली आणि वर गेली.

आनंदीबाईंना मात्र तिने खरं सांगितलं, त्यांच्याच उंबऱ्यावर बसून, टरफलं हातावर घेऊन. आनंदीबाईंनी ती बोटाने फिरवून बघितली. त्यांचा चेहरा पडला, पण थोडाच वेळ. "मगे आता?" त्यांनी विचारलं.

"आता परत तोडायची. आणि अंगणातल्या निळ्या पिंपात साबणाच्या पाण्यात तीन दिवस बुडवायची. आत जे असेल ते मरेल."

"श्रावण चालू आसा गो."

"माहीत आहे."

"श्रावणात जीव मारूक सांगतंस?"

"मावशी, सोमवारचे तांदूळ निवडताना त्यातले टोके काय पाटावर बसवता?"

आनंदीबाईंनी गवारीची एक शेंग मोडली, मग दुसरी. "त्ये तांदळातले," त्या म्हणाल्या, पण जोर नव्हता.

"पाप माझ्या नावावर," मालन म्हणाली. "एकतीस वर्षं किडे मारायचाच पगार घेतला मी. वर गेल्यावर चार जास्त विचारतील, एवढंच. पण दहा तारखेला झाडं गेली तर एकवीस फुलं गेली. ती तुमची आहेत."

आनंदीबाईंनी गवार बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पाण्यात बुडवूचा म्हणजे विसर्जनच मां ता?"

मालनला ते सुचलं नव्हतं. "विसर्जनच," ती म्हणाली.

"आणि मगे निर्माल्यात?"

"तीन दिवसांनी खुशाल निर्माल्यात. खत होईल."

"मगे असा सांग ना सरळ. आधी विसर्जन, मगे निर्माल्य. उगीच पाप-बिप काय काढतंस?"

दुसऱ्या दिवशी बायका परत खाली आल्या, या वेळी अकराजणी, कारण आनंदीबाईंनी जातीने दारं ठोठावली होती. पानं तुटली. खड्ड्यातलं वरचं वीतभर निर्माल्यही उपसून पिंपात गेलं. मालनने कपड्याचा साबण किसून घातला, वर फरशी ठेवली, आणि या वेळी कुकर रघुवर सोपवून शेवटचं पान बुडेपर्यंत तिथून हलली नाही. पुढे रोज सकाळी सहाला ती भिंतीजवळून एक फेरी मारायची. पानाची खालची बाजू उलटून बघायची. खरवडलेला ठिपका दिसला की पान तोडून डब्यात.

दहा ऑगस्टच्या मीटिंगला झाडं भिकार दिसत होती, हे तिने स्वतः कबूल केलं. निम्म्या फांद्या उघड्या, टोकांना पोपटी पालवी, फूल एकही नाही.

"काकी, प्रॅक्टिकल बोलू," स्वप्नील म्हणाला. "सत्तावीसला गणपती. ही झाडं एकवीस फुलं देणार? एकदा तू सांगितलंस संपली, आणि दुप्पट आली. आता कशावर विश्वास ठेवायचा?"

खुर्च्यांत चुळबुळ झाली. ज्यांच्या बाइक रस्त्यावर भिजत होत्या ते स्वप्नीलकडे बघत होते.

"विश्वास नको ठेवू. मोज," मालन म्हणाली. "शेवटची अंडी कधीची असू शकतात ते मला माहीत आहे. त्यांतली एखादी राहिली असेल तर तिची गुंडाळी येत्या रविवारपर्यंत दिसायलाच पाहिजे. लपून राहणं तिच्या हातात नाही. रविवारी तू स्वतः खाली ये. नऊ झाडांवर मिळून दहाच्या वर गुंडाळ्या निघाल्या तर कोयता मी आणते."

"आणि या वेळीपण काही चुकलं असेल तर? मागच्या वेळी चूक तुझीच होती, तूच म्हणालीस."

"तिची नाय," आनंदीबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, तेव्हा शेजारच्या दोघींनी हात पुढे केले आणि त्यांनी ते झटकले. "पानां निर्माल्यात मी घातलंय. ह्या बायेन माजा नाव घेतल्यान नाय. झाडां मी लावलंय आणि कीडपण मीच पोसलंय. कोयतो मारूचो तर आधी माका ईचारा."

स्वप्नीलने मालनकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं तिला ओशाळल्यासारखं झालंय. खरं तर ती एका कळीकडे बघत होती. पाचव्या झाडावर, खाली, मोहरीएवढी.

"एक आठवडा," स्वप्नील म्हणाला. "पेव्हरवाल्याला मी थांबवतो. पण मोजणार मी."

सतरा तारखेला सकाळी तो खरंच खाली आला, अर्ध्या पँटमध्ये, मोबाइलचा टॉर्च लावून. मालन डबा घेऊन मागे उभी राहिली. तिने बोट दाखवलं नाही की काही सुचवलं नाही. पहिल्या झाडावर काही नव्हतं. दुसऱ्यावर एक. त्याने ती सोडवायला बोट घातलं आणि मालन म्हणाली, "सोडवू नकोस, तोड." त्याने तोडली. तिसऱ्यावर, चौथ्यावर काही नाही. पाचव्यावर तीन. तो वाकून, उकिडवा बसून, पानं उलटी करून बघत होता. विम्याचे दावे तपासताना तो असाच दिसत असणार. सातव्यावर आणखी दोन.

"सहा झाल्या," तो म्हणाला.

"सहा."

आठव्यावर त्याला एक वाकडं पान सापडलं. बराच वेळ त्याने ते उलटसुलट केलं. "ही?"

"ते नुसतं वाकलेलं आहे. धागा दिसतो का?"

धागा नव्हता. नवव्यावर काहीच नव्हतं. तो उठला, गुडघे झटकले आणि परत पहिल्या झाडापर्यंत चालत गेला, बहुतेक दुसऱ्यांदा मोजायचं म्हणून, पण मोजलं नाही. "कळ्या आहेत," तो म्हणाला. "मी मोजल्या नाहीत. बऱ्याच आहेत."

"छप्पन्न. सगळ्या धरणार नाहीत. पहिल्या दिवशी एकवीस होतील, पुढच्या दिवसांचं तेव्हा बघू."

"सहा उरल्याच ना पण?"

"पुढच्या वर्षीही उरतील. झाड आहे म्हटल्यावर तिचंही घर आहे. सहाच्या साठ होऊ द्यायच्या नाहीत, एवढंच आपल्या हातात."

स्वप्नीलने खिशातून मोबाइल काढला आणि पेव्हरवाल्याला फोन लावला. रविवारची सकाळ असल्यामुळे तो झोपेत होता. "नको, या वर्षी नको," स्वप्नील म्हणाला. "नाही, पुढच्या वर्षीचंपण नाही सांगत. दुसरीकडे बघतो पार्किंगचं." तिकडून काहीतरी ऐकून तो म्हणाला, "अरे झाडं जिवंत आहेत, काय करू?"

फोन ठेवेपर्यंत मालनने पदराला हात पुसून एक कागद उलगडला होता. वहीचं पान होतं, सात रकाने आखलेले, तिच्या गोल अक्षरात. सोमवारपुढे दुसऱ्या मजल्यावरची प्रिती, बुधवारपुढे रघु, शुक्रवारपुढे आनंदीबाई, फक्त पाटावर बसून देखरेख करण्यापुरत्या.

"हे काय?"

"रोज सकाळी एकाने फेरी मारायची. पानं उलटायची, गुंडाळी दिसली की तोडून पिंपात. दिवाळीपर्यंत. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

स्वप्नीलने बोटाने रकाने तपासले. "मंगळवारी माझं नाव आहे."

"हो."

"मंगळवारी मला ऑफिस असतं, काकी."

"सकाळी सहाला कुठलं ऑफिस असतं?" मालन म्हणाली, आणि तोडलेल्या सहा पानांचा डबा त्याच्या हातात दिला. "पिंपाची फरशी जड आहे. दोन्ही हातांनी उचल."